रकाना ३.४ मध्ये ‘नाही’ लिहिणे थांबवा

जनसुनावणीबद्दलच्या तक्रारी या मासिकाकडे नेहमीच येतात. या महिन्यातल्या पत्रांचा रोख मात्र वेगळा आहे. ती प्रवर्तकांविरुद्ध नाहीत, एमपीसीबीविरुद्धही नाहीत. आपल्याच व्यवसायातल्या, बहुतेक नव्याने लागलेल्या एफएईंनी ती आपल्याच ईआयए समन्वयकांविरुद्ध लिहिली आहेत. तपशील वेगवेगळे असले तरी आशय एकच आहे. सामाजिक-आर्थिक प्रकरणात साइटला खेटून असलेल्या वस्तीबद्दल लिहिले, तर अंतिम अहवालात तो मजकूर गळालेला असतो. नमुना-१ मध्ये रकाना ३.४ समोर ‘होय’ लिहिले, तर मसुदा ‘नाही’ होऊन परत येतो.

रकाना ३.४ काय विचारतो हे या मासिकाच्या वाचकांना सांगायला नको, पण पुन्हा एकदा नीट वाचावा अशी विनंती आहे. प्रकल्पाचा परिणाम होऊ शकेल असे दुर्बल गट, म्हणजे रुग्ण, मुले, वृद्ध इत्यादी, परिसरात आहेत का, असा तो प्रश्न आहे. त्याच नमुन्यात ९.४ मध्ये आणखी एक प्रश्न आहे: जवळपास असलेल्या किंवा येऊ घातलेल्या तशाच प्रकल्पांमुळे एकत्रित परिणाम होईल का? पुढे पर्यावरणीय संवेदनशीलतेच्या भागात, आधीच प्रदूषित झालेला, मानके ओलांडली गेलेली जागा जवळ आहे का, हेही विचारले आहे. १४ सप्टेंबर २००६ पासून हे प्रश्न ईआयए अधिसूचनेत आहेत. गरीब, दलित, आदिवासी वस्त्यांवरचा प्रदूषणाचा जादा भार मोजायला आपल्याकडे कायदाच नाही, असे म्हणणाऱ्यांनी आधी आपला शेवटचा अर्ज काढून या तीन ओळींपुढे काय लिहिले आहे ते पाहावे.

बहुतेकांच्या अर्जात ‘नाही’ असते. कारण सोपे आहे. ‘होय’ लिहिले की पुढच्या स्तंभात तपशील द्यावा लागतो, तोही माहितीच्या स्रोतासह. तपशील दिला की प्रश्न येतात, प्रश्न आले की एडीएस निघते आणि एडीएस निघाली की प्रवर्तकाचा फोन येतो.

देवनार-गोवंडी आणि त्याला लागूनचे माहूल घ्या. देवनारच्या कचराभूमीवर १९२७ पासून मुंबईचा कचरा पडतो आहे. गोवंडीच्या वस्तीत जैववैद्यकीय कचरा जाळण्याचा प्रकल्प वर्षानुवर्षे चालला आणि तो दोन वर्षांत हलवा, असे सांगायला २०२३ मध्ये उच्च न्यायालयाला पुढे यावे लागले. माहूलला तेलशुद्धीकरण कारखाने आणि रसायनांच्या टाक्या. त्यांच्या शेजारीच प्रकल्पबाधितांसाठी इमारती बांधल्या आणि तानसा जलवाहिनीलगतच्या झोपड्यांतून उठवलेल्या कुटुंबांना तिथे नेऊन ठेवले. सप्टेंबर २०१९ मध्ये उच्च न्यायालयाने सांगितले की या लोकांना माहूलला राहायची सक्ती करता येणार नाही, दुसरीकडे घर द्या, नाहीतर महिना १५ हजार रुपये भाडे द्या. पुढच्याच वर्षी, ऑगस्ट २०२० मध्ये, राष्ट्रीय हरित लवादाने तिथल्या हवेतल्या सेंद्रिय वायूंसाठी चार कंपन्यांना मिळून सुमारे २८६ कोटींची भरपाई लावली. आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने धारावीच्या पुनर्वसनासाठी देवनार कचराभूमीचीच १२४ एकर जागा मंजूर केली.

या पट्ट्यात कागद कशाचेच कमी नाहीत. संमतीपत्रे आहेत, मंजुऱ्या आहेत, अहवाल आहेत. प्रत्येक अहवालात आपापल्या चिमणीचा वाढीव भार मोजलेला असतो. बेरीज कोणी करत नाही, कारण ती करण्याची जबाबदारी कोणाच्याच टीओआरमध्ये नाही.

आता आपल्या दहा किलोमीटरच्या वर्तुळाकडे येऊ. या वर्तुळाने जितक्या वस्त्या लपवल्या आहेत तितक्या कोणत्याही अधिकाऱ्याने लपवल्या नसतील. साइट मध्यभागी धरून वर्तुळ काढायचे, त्यात आलेल्या महसुली गावांची यादी करायची, २०११ च्या जनगणनेच्या तक्त्यांतून लोकसंख्या, साक्षरता, अनुसूचित जाती-जमातींची टक्केवारी उचलायची आणि सगळ्याची सरासरी छापायची. फाटकापासून ३०० मीटरवरची कातकरी वाडी या तक्त्यात नसते. ती महसुली गाव नसते, तिला स्वतंत्र ओळ नसते, तिचे आकडे पलीकडच्या मोठ्या गावाच्या आकड्यांत बुडालेले असतात. पाडा, तांडा, पारध्यांचा बेडा, खाडीकाठची झोपडपट्टी, सगळ्यांची गत हीच. कातकरी, कोलाम आणि माडिया गोंड या राज्यातल्या विशेष असुरक्षित आदिवासी जमाती आहेत, त्यांची नावे आपल्याला तोंडपाठ असतात. तरीही रायगडातल्या औद्योगिक पट्ट्यांलगतच्या अहवालांत ‘अनुसूचित जमाती अमुक टक्के’ एवढ्या ओळीवर त्यांची बोळवण होते. ज्या घराच्या पत्र्यावर राख पडते ते घर दहा किलोमीटरच्या सरासरीत सुखी दिसते.

शिवाय आकडे दीड दशक जुने. पुढच्या जनगणनेची संदर्भ तारीख १ मार्च २०२७ आहे आणि गावनिहाय तक्ते हाती यायला त्यानंतरही वेळ लागेल. तोवर २०११ चेच आकडे लावत बसायचे का? हवेची बेसलाइन घ्यायला तीन महिने साइटवर यंत्रे लावतो, तर वस्तीत जाऊन घरे मोजायला दोन दिवस का मिळत नाहीत?

समित्यांबद्दल स्पष्टच लिहितो. राज्य मूल्यांकन समितीच्या कुठल्याही बैठकीची मिनिट्स उघडा. आरजी मूळ जमिनीवर की पोडियमवर, अग्निशमन गाडीची वळणत्रिज्या किती, किती झाडे तोडणार, एसटीपीच्या पाण्याचा ताळेबंद, यांवर तासन्‌तास चर्चा होते. व्हायलाच हवी. पण रकाना ३.४ मध्ये ‘नाही’ का लिहिले, हा प्रश्न तिथे क्वचितच दिसतो. बांधकाम प्रकल्पांना तर जनसुनावणीही नसते, अधिसूचनेनेच तशी सूट दिली आहे. मान्यताप्राप्त औद्योगिक वसाहतीतल्या प्रकल्पांनाही सूट आहे. म्हणजे वसाहतीच्या कुंपणाला लागून राहणाऱ्यांना आणि कचराभूमीशेजारच्या इमारतीत राहायला पाठवल्या जाणाऱ्यांना कोणीही काही विचारणार नाही. त्यांच्या वतीने प्रश्न विचारू शकणारी जागा एकच उरते, ती म्हणजे समितीचे टेबल. तिथेही तो प्रश्न विचारला गेला नाही तर प्रकरण संपले.

जिथे सुनावणी होते तिथेही फारसे बरे नाही. सुनावणी प्रकल्पस्थळी किंवा त्याच्या अगदी जवळ घ्यावी, असे अधिसूचना सांगते. २०२२ मध्ये सुरजागडच्या लोहखाणीच्या विस्ताराची सुनावणी गडचिरोलीला, जिल्ह्याच्या ठिकाणी झाली. एटापल्ली तालुक्यातल्या त्या डोंगरापासून हे अंतर शंभर किलोमीटरहून जास्त आहे. त्या भागातल्या अनेकांची घरची भाषा माडिया. त्यांच्यासाठी मराठी सारांशसुद्धा परकाच. बाकी राज्यात तो सारांश मराठीत असतो, पण परिशिष्ट ३-अ प्रमाणे तो जास्तीत जास्त दहा पानांचा. त्या दहा पानांत प्रकल्पवर्णनापासून ईएमपीपर्यंत सात प्रकरणे कोंबायची असतात. मग जागा वाचवायला आधी काय कापले जाते हे आपल्याला माहीत आहे. रोजगाराचा परिच्छेद राहतो आणि वस्तीवरचा परिणाम एका वाक्यात उरकतो. संपूर्ण अहवाल इंग्रजीत, तहसील कार्यालयाच्या कपाटात. महाराष्ट्राचा राजभाषा अधिनियम १९६४ चा आहे, तरी सुनावणीला येणाऱ्या माणसाला परिणामांचे प्रकरण मराठीत वाचायला मिळत नाही. ते मराठीत देऊ नये असे कोणत्याही नियमात म्हटलेले नाही. दहा पानांची मर्यादा सारांशाला आहे, परिणामांच्या प्रकरणाच्या भाषांतराला नाही.

हे सगळे आताच लिहिण्याचे कारण असे की जगात काही राज्यांनी हा प्रश्न केंद्र सरकारची वाट न पाहता हाती घेतला आहे. न्यूयॉर्क राज्याचा पर्यावरण पुनरावलोकन कायदा १९७५ चा, म्हणजे आपल्या अधिसूचनेपेक्षा तीन दशके जुना. ३१ डिसेंबर २०२२ रोजी राज्यपालांनी त्यातल्या दुरुस्तीवर सही केली आणि ३० डिसेंबर २०२४ पासून ती लागू झाली. एखाद्या प्रकल्पामुळे वंचित वस्तीवरचा प्रदूषणाचा विषम भार वाढेल का, हे आता तिथे पहिल्याच टप्प्यावर, म्हणजे सविस्तर अहवाल लागेल की नाही हे ठरवतानाच, पाहावे लागते. वंचित कोण हे अधिकाऱ्याच्या मर्जीवर सोडलेले नाही. मार्च २०२३ मध्ये ४५ निर्देशांक लावून राज्यातले १,७३६ जनगणना विभाग, सुमारे ३५ टक्के, नकाशावर ठरवून दिले. शेजारच्या न्यू जर्सीने २०२० मध्ये कायदा केला आणि एप्रिल २०२३ मध्ये त्याचे नियम आणले. तिथे भाराखाली दबलेली वस्ती ओळखण्याच्या निकषांत गरिबी आहे, वंश आहे आणि इंग्रजी नीट न येणाऱ्या कुटुंबांचे प्रमाणही आहे. ते ४० टक्के भरले की तेवढ्यानेच वस्ती यादीत येते. काही प्रकारच्या नव्या प्रकल्पांना अशा वस्तीत परवानगी नाकारणे तिथे बंधनकारक आहे.

आपल्याकडे अधिसूचना केंद्राची आहे, राज्य काय करणार, हे उत्तर मंत्रालयात तयारच असते. ते पुरेसे नाही. टीओआर ठरवताना सर्व संबंधित बाबी त्यात घेण्याचा अधिकार राज्य समितीला आहे. प्रमाणित टीओआर जशीच्या तशी चिकटवण्याची सवय सोडून त्यात चार ओळी जादा घालायला दिल्लीची परवानगी लागत नाही. सुनावणी वस्तीजवळ घ्यायला जिल्हाधिकाऱ्यांना नवा कायदा लागत नाही. एमपीसीबीकडे संमतीपत्रांची यादी आहे, ऑनलाइन मॉनिटरिंगचे आकडे आहेत. तालुकानिहाय भाराचा नकाशा मंडळाने मनावर घेतले तर तयार होईल. आपल्या हाती सीईपीआय आहेच. २००९ मध्ये चंद्रपूरला ८३.८८ गुण होते आणि २०१८ मध्ये तारापूर ९३.६९ वर गेले. हे आकडे आपण सेमिनारमध्ये दाखवतो, पण त्या गुणांखाली राहणारे लोक कोण आहेत हे कोणत्याही स्लाइडवर नसते.

आणि ज्यांना वाटते की रकान्यात ‘नाही’ लिहिल्याने कोणाचे काही बिघडत नाही, त्यांनी मोपाचा निकाल पुन्हा वाचावा. गोव्यातल्या त्या विमानतळाची पर्यावरणीय मंजुरी सर्वोच्च न्यायालयाने २९ मार्च २०१९ रोजी स्थगित केली आणि नमुना-१ मध्ये माहिती दडवल्याबद्दल कडक शब्द वापरले. मंजुरी पुढे जानेवारी २०२० मध्ये पुन्हा लागू झाली खरी, पण मधले महिने प्रवर्तकाला काय किमतीला पडले असतील याचा हिशेब मांडून तुमच्या ग्राहकाला दाखवा. चुकीची किंवा दिशाभूल करणारी माहिती दिली तर अर्ज फेटाळता येतो, हे अधिसूचनेच्या परिच्छेद ८ मध्ये लिहिलेले आहे. ‘होय’ लिहिल्याने मंजुरी बुडत नाही. खोटे ‘नाही’ मात्र पाच वर्षांनी लवादापुढे उघडे पडू शकते, आणि अहवालावर सही तुमची असते.

तेव्हा मित्रांनो, समितीने विचारण्याची वाट पाहू नका. पुढच्या प्रस्तावापासून अर्जासोबत एक पान जोडा. साइटपासून दोन किलोमीटरच्या आतली प्रत्येक वस्ती तिच्या नावानिशी, फाटकापासूनच्या अंतरासह लिहा. तिथे पाणी कुठून येते, घरे किती, मुख्य समाज कोणते, घरात बोलली जाणारी भाषा कोणती, हे लिहा. त्याच दोन किलोमीटरांत संमतीपत्र असलेले रेड आणि ऑरेंज वर्गातले उद्योग किती, सर्वांत जवळच्या हवा-केंद्राचे तीन वर्षांचे पीएम आकडे काय आहेत, प्राथमिक आरोग्य केंद्रात श्वसनाच्या तक्रारींची नोंद किती, तेही लिहा. परिणामांचे प्रकरण आणि ईएमपी मराठीत करून सुनावणीच्या ३० दिवस आधी वस्तीत पोचवा. गरज असेल तिथे तिथल्याच शिक्षिकेला किंवा आशा ताईला मानधन देऊन माडियात, गोंडीत, कोलामीत समजावून सांगा. प्रवर्तक खर्चाला नाही म्हणाला तर तो खर्च कोटेशनमध्ये पहिल्या दिवसापासून दाखवा. मॉडेलिंगच्या लायसनचा खर्च दाखवता तसाच.

समन्वयकांनो, तुमच्या हाताखालच्या मुलामुलींनी ‘होय’ लिहिले असेल तर ते खोडू नका. खोडायचेच असेल तर कारण लिहून, सही करून खोडा.

पुढच्या अंकापासून आपण या एका रकान्यासाठी दोन पाने राखून ठेवत आहोत. तुमच्या अर्जातला ३.४ आणि ९.४ समोरचा मजकूर, समितीने त्यावर काय विचारले आणि मिनिट्समध्ये काय नोंदले गेले, एवढे पाठवा. प्रवर्तकाचे नाव आणि प्रस्तावाचा क्रमांक झाकून पाठवा, आम्ही तुमचेही नाव छापणार नाही. समितीच्या सदस्यांनी लिहिले तर त्यांच्यासाठीही जागा ठेवलेली आहे.