कॉम्प्युटर भिडू आणि फुकट गेलेली राणी

हॉस्टेलवर ब्रिज शिकायचं म्हटलं की पहिला भिडू कॉम्प्युटरच. मीही तसाच शिकलो. तीन माणसं गोळा करायची कटकट नाही, चुकलो तरी कोणी शिव्या घालत नाही! पण वर्षभर खेळल्यावर माझं स्पष्ट मत झालंय की या भिडूकडून डाव खेळायला खुशाल शिका, डिफेन्स मात्र शिकू नका.

तो विचार कसा करतो ते बघा. न दिसणारे २६ पत्ते दोघांत १,०४,००,६०० प्रकारे वाटले जाऊ शकतात. सगळे तपासत बसणं परवडत नाही. म्हणून प्रोग्राम बोलीशी जुळणारे थोडे नमुने घेतो, चौघांचेही पत्ते उघडे आहेत असं धरून प्रत्येक नमुना शेवटपर्यंत सोडवतो आणि सरासरीत जे पान सरस ठरेल ते टाकतो. मॅथ्यू गिन्सबर्ग यांचा ‘जिब’ याच युक्तीच्या जोरावर १९९८ साली कॉम्प्युटर ब्रिजचा जगज्जेता झाला. युक्ती झकासच आहे. गोम आहे ती ‘उघडे आहेत असं धरून’ यात.

समजा डमीत बदामचा एक्का, गुलाम आणि एक बारकं पान आहे. डिक्लेररकडे राजा, दश्शी आणि बारकं पान. राणी तुमच्याकडे. दुसरा काही सुगावा नसेल तर राणी कोणाकडे हे ओळखताना डिक्लेरर निम्म्या वेळा चुकणार. मग आपण काय करू? मेलो तरी बदामला हात लावणार नाही. रोबो मात्र बिनधास्त बदामची उतारी करतो! त्याच्या हिशेबात डिक्लेररला राणी दिसतेच आहे, मग ती आज गेली काय नि उद्या गेली काय. आणि ‘डाव बुडत नाही’ असं एकदा गणित निघालं की त्याला सगळी पानं सारखीच. समोरच्याला चकवावं, चुकायची संधी द्यावी, हे त्याच्या गावीही नसतं. नमुने शंभराऐवजी दहा हजार घेतले तरी हे सुटत नाही. त्यामुळे प्रोसेसरला दोष देऊ नका.

भिडूचे हाल तर विचारूच नका. उघड्या पत्त्यांच्या जगात भिडूला काही कळवायची गरजच नाही! काही प्रोग्रामांत सिग्नलचे नियम वेगळे जोडलेले असतात, पण माझ्या रोबोचं पान काहीच बोलायचं नाही. परिणाम काय? एका स्पर्धेत माझ्या हाडामासाच्या भिडूने नव्वी टाकून जणू ओरडून सांगितलं, ‘हाच रंग परत खेळ’. मी बघितलंच नाही. बघायची सवयच मोडली होती. बुडणारा तीन नो-ट्रम्प आरामात झाला. दोन दिवस तो माझ्याशी बोलत नव्हता.

यावर कोणीतरी हमखास ‘नूक’चं नाव काढतो. खरंय, मार्च २०२२ मध्ये पॅरिसला नूकने आठ जगज्जेत्यांविरुद्ध ८० पैकी ६७ संच जिंकले. पण तिथे बोली नव्हतीच. नूक काय किंवा जगज्जेते काय, दोघेही फक्त डिक्लेरर म्हणून खेळले. डिफेन्सला बसले होते रोबो! म्हणजे मी ज्याबद्दल बोलतोय त्याची परीक्षा झालीच नाही.

असो. जेवणानंतर कॉमन रूममध्ये आम्ही तिघं बसतो. चौथा हवाय. सिग्नल बघितला नाही तर शिव्या पडतील, हे आधीच सांगून ठेवतो.