गवळणीनंतर उठून जाणारे

स्टॅन्ली क्युब्रिक यांचा ‘२००१ : अ स्पेस ओडिसी’ हा १९६८ सालचा चित्रपट घरात लावला, की पंधराव्या-विसाव्या मिनिटाला कोणीतरी उसासा टाकतो, कोणीतरी ‘जरा पुढे घ्या’ म्हणतो आणि अर्ध्या तासाच्या आत संच बंद होतो. इथवर आमची काही तक्रार नाही. चित्रपट पाहणे म्हणजे काही व्रत नव्हे, की मोडले म्हणून प्रायश्चित्त घ्यावे. तक्रार आहे ती त्यापुढच्या बोलण्याविषयी. संच बंद करणारा गृहस्थ उठता उठता निकाल देतो, ‘भिकार चित्रपट!’ आणि त्याहून अधिक शिकलेला दुसरा गृहस्थ पुस्ती जोडतो, ‘हे शहरातल्या जाणकारांचे काम. आपल्या जुन्नर-आंबेगावच्या माणसांना एवढा दम कुठला?’ या दोन वाक्यांशी आमचे भांडण आहे; पहिल्याशी थोडे आणि दुसऱ्याशी फार.

पहिल्याचा समाचार आधी घेऊ. या चित्रपटात पहिला संवाद सुमारे पंचवीस मिनिटांनंतर येतो. तोवर आदिम वानरांची टोळी, हाडाचे हत्यार आणि मग अंतराळात संथ फिरणारी याने एवढेच दिसते. ज्याच्यामुळे हा चित्रपट आज यंत्रे माणसाशी बोलू लागल्यावर पुन्हा पुन्हा आठवतो, तो हॅल नावाचा बोलका संगणक पडद्यावर यायला जवळजवळ तास लागतो. म्हणजे अर्ध्या तासात उठलेल्या गृहस्थाची मुख्य पात्राशी अजून ओळखही झालेली नसते. आणि तो संथपणा निव्वळ हौसेचा नाही. निर्वातात आवाज पोचत नाही. म्हणून यानाबाहेर पडलेल्या अंतराळवीराचा आपल्याला फक्त श्वास ऐकू येतो, बराच वेळ, दुसरे काही नाही. पुढे एका वीराचा जीव जातो तेव्हा तो श्वासही थांबतो. ना किंकाळी, ना संगीत. आधीच्या तासाभरात त्या शांततेची आपल्या कानांना सवय झाली नसती, तर ते मरण इतर शेकडो चित्रपटांतल्या मरणांसारखेच आले आणि गेले असते. पुढे ढकलत पाहणाऱ्याला ते मरण दिसते. पण त्याच्या कानाला ते कळत नाही.

येथे आम्हांस कोणी संथपणाचे भाट म्हणू नये. न्यूयॉर्कमधील पहिल्या खेळाला एप्रिल १९६८ मध्ये दोनशेहून अधिक प्रेक्षक उठून गेले असे सांगतात. प्रख्यात नट रॉक हडसन लॉस एंजेलिसमधील खेळातून असाच उठून गेला. त्यानंतर क्युब्रिक यांनी स्वतः सुमारे १९ मिनिटांचा भाग कापून टाकला. रशियन दिग्दर्शक आंद्रेई तारकोव्हस्की यांची तऱ्हा उलटी. त्यांच्या १९७९ सालच्या ‘स्टॉकर’ची गती वाढवावी असे सरकारी अधिकाऱ्यांनी सुचवले, तेव्हा चुकून आलेल्यांना वेळेवर बाहेर पडता यावे म्हणून आरंभ आणखी संथ हवा, अशा अर्थाचे उत्तर त्यांनी दिल्याचे सांगितले जाते. हा ताठा आम्हांला मुळीच रुचत नाही. दाराशी आलेल्या माणसाला घालवून देण्यात कसला पराक्रम? त्यांच्याच १९७२ सालच्या ‘सोलारिस’मध्ये टोकियोच्या रस्त्यांवरून जाणाऱ्या मोटारीचे एक लांबलचक दृश्य आहे, ते निम्मे असते तरी काही बिघडले नसते असे आमचे मत आहे. मात्र ते आम्ही अखेरपर्यंत बसून पाहिले आहे.

आता दुसरे वाक्य. आपल्या माणसांना दम नाही, हे म्हणणाऱ्याने ते निदान नारायणगावच्या वेशीत तरी म्हणू नये. हे तमाशाचे गाव. विठाबाई नारायणगावकरांचे गाव. चैत्रातल्या जत्रांच्या सुपाऱ्या ठरवायला गावोगावचे कारभारी येथल्या राहुट्यांवर येतात. ध्वनिक्षेपकाच्या वेळेचे नियम आड येण्याआधी तमाशा रात्रभर चाले, आणि पुन्हा दुसऱ्या दिवशी हजेऱ्या होत. आधी गण, मग गवळण, मग बतावणी आणि रंगबाजी. खरा वग उभा राहायचा तो मध्यरात्र कलल्यावर. भीमाशंकरच्या डोंगरातला असो की मंचरच्या बाजारातला, मुरलेला प्रेक्षक हे जाणून मातीवर मांडी ठोकत असे. गवळण संपताच उठून गेलेल्या माणसाने सकाळी पारावर वगाची निंदानालस्ती केली असती, तर त्याला कोणी बोलू दिले नसते.

कोणी म्हणेल, तमाशा संथ कुठे असतो? तेथे ढोलकी आहे, सोंगाड्या आहे, हशा आहे. खरे आहे. पण वगाची वाट पाहणे तेथेही आहेच, आणि पुढे काय येणार हे ठाऊक असल्यामुळे ती जड होत नाही. क्युब्रिकच्या प्रेक्षकाला हे कोणी सांगितलेलेच नसते. उणीव माणसाच्या दमात नसून ओळख करून देण्यात आहे, आणि ते काम ज्या शिकलेल्या गृहस्थाचे, तोच नाक मुरडून मोकळा होतो.

नारायणगावहून खोडद दूर नाही. प्रा. गोविंद स्वरूप यांच्या पुढाकाराने तेथे उभी राहिलेली महाकाय रेडिओ दुर्बीण म्हणजे ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या, सुमारे २५ किलोमीटरच्या परिसरात विखुरलेल्या. त्यांची काम करण्याची रीत पाहा. आकाशातील एका वस्तूचे नीट चित्र मिळवायचे तर तबकड्यांना तासन् तास तिच्यावर नजर रोखून ठेवावी लागते. पृथ्वी फिरत जाते तसतसे चित्र भरत जाते. दहा मिनिटांत उठून गेले, तर हाती येतात चार पुसट ठिपके. या दुर्बिणीच्या नोंदींतून सुमारे ८८० कोटी वर्षांपूर्वी निघालेला, एका दूरच्या दीर्घिकेतील हायड्रोजनचा संदेश हाती आल्याचे २०२३ साली जाहीर झाले. आणि १९ ऑक्टोबर २०१६ रोजी मंगळावर उतरू पाहणाऱ्या ‘स्कियापरेल्ली’ या युरोपीय यानाचा क्षीण आवाज टिपला तोही खोडदनेच. यान जमिनीला टेकण्याच्या किंचित आधी तो आवाज एकाएकी थांबला. क्युब्रिकच्या चित्रपटातला थांबलेला श्वास ज्याने ऐकला आहे, त्याला त्या क्षणाची वेगळी फोड करून सांगावी लागत नाही. दर वर्षी २८ फेब्रुवारीच्या विज्ञानदिनानिमित्त दुर्बीण पाहायला शाळाशाळांतून मुले येतात. त्यांच्याच तालुक्यात बसून, हा चित्रपट त्यांना झेपणार नाही, असे परस्पर ठरवणारे आपण कोण?

आपल्या घरांतून आणखी एक आक्षेप हळूच येतो, की असल्या चित्रपटांत आपल्या उपयोगाचे काय? त्यांच्यासाठी एवढेच, की सिनेमाच्या शताब्दीनिमित्त १९९५ साली व्हॅटिकनने ४५ उल्लेखनीय चित्रपटांची यादी काढली, तिच्यात कला या विभागात ‘२००१’ आहे; आणि त्याच तारकोव्हस्कींचे दोन चित्रपट तर धर्म या विभागात आहेत. यादीत नाव आहे म्हणून चित्रपट आवडलाच पाहिजे असे कोणी म्हटलेले नाही. पण ज्यांनी ती केली, त्यांना निदान शेवटपर्यंत बसणे भाग पडले असणार.

तेव्हा पुढच्या खेपेस घरात वा सभागृहात हा चित्रपट लावायचा झाला, तर तो हातातल्या फोनवर लावू नये. मोठा पडदा आणि अंधार मिळवावा. पहिली पंचवीस मिनिटे कोणी बोलणार नाही, हे आधीच सांगून टाकावे. ज्याला उठायचे त्याला खुशाल उठू द्यावे. मात्र उरलेल्यांचा संच त्याने बंद करू नये. आणि चहा मधेच कुठेतरी आणू नये. हॅल काचेआडून दोघा अंतराळवीरांचे ओठ वाचतो, तेथे चित्रपटाचे मूळ मध्यंतर आहे. चहा तेव्हा.