लॅपटॉप उठेना तेव्हा

मैत्रिणींनो, गेल्या खेपेस लोणच्यावरच्या बुरशीबद्दल लिहिलं होतं. आजचा विषय अगदीच निराळा, पण तो माझ्या घरात घडला, म्हणून लिहिते.

आमचा लॅपटॉप आठ वर्षांचा. त्यातल्या विंडोज १० ला १४ ऑक्टोबर २०२५ नंतर कंपनीकडून नेहमीच्या सुधारणा मिळेनाशा झाल्या आणि विंडोज ११ या जुन्या यंत्रावर बसेना. दिवाळीत ह्यांचा भाचा आला होता. म्हणाला, “मामी, मी लिनक्स मिंट टाकून देतो. पैसे पडत नाहीत, आणि विंडोजही शेजारी तसंच राहील.” रात्री उशिरापर्यंत बसून त्यानं ते केलं आणि पहाटेच्या गाडीनं पुण्याला गेला. सकाळी मी बटण दाबलं तर काळ्या पडद्यावर पांढरी एकच ओळ : ‘नो बूटेबल डिव्हाइस’. म्हणजे सुरू व्हायला यंत्राला काही सापडेना.

शाळेतल्या मुलांच्या गुणांची यादी त्यात होती, ती एक वेळ पुन्हा केली असती. पण सासूबाईंच्या जात्यावरच्या ओव्याही त्यातच होत्या. त्या जाऊन दोन वर्षं झाली. ज्या फोनवर त्यांचा आवाज घेतला तो पाण्यात पडला, त्यामुळे दुसरी प्रत कुठंच नव्हती.

दुरुस्तीवाला म्हणाला, “फॉरमॅट मारावा लागेल, वहिनी. जुनं काही राहणार नाही.” हे म्हणाले, “मग मारून टाका.” मी लॅपटॉप उचलला आणि घरी आणला. दोन दिवस आमच्यात बोलणं जरा कमीच होतं.

ज्या पेनड्राइव्हवरून भाच्यानं मिंट बसवलं तो टेबलाच्या खणातच होता. या पेनड्राइव्हची गंमत अशी, की लॅपटॉपवर काहीही न बसवता मिंट नुसतं त्याच्यावरूनही चालतं. तो लावला, बटण दाबताच एफ-१२ दाबत राहिले आणि यादीतून त्याचं नाव निवडलं. (काही यंत्रांत ही कळ एफ-९ किंवा एस्केप असते.) पाच मिनिटांत पडदा उजळला. आतली डिस्क उघडली, आणि फोल्डर जागच्या जागी! एक ओवी लावली आणि तिथंच बसून राहिले. मग सगळं दुसऱ्या पेनड्राइव्हवर उतरवून घेतलं. तेवढं होईपर्यंत बाकी कशालाही हात लावला नाही.

तुमच्या लॅपटॉपवर बिटलॉकरचं कुलूप असेल, तर डिस्क उघडताना ४८ आकडी किल्ली मागतील. ती आधीच वहीत उतरवून ठेवा. आणि डिस्क दिसतच नसेल किंवा कटकट आवाज करत असेल, तर मात्र घरी खटपट करत बसू नका. ते दुखणं वेगळं.

आता यंत्र का उठेना? भाच्याला फोन लावला. जरा चाचरत म्हणाला, “मामी, शेवटी ग्रब बसला नाही अशी एक चौकट आली होती. मी ओके दाबलं.” ग्रब म्हणजे सुरुवातीला ‘विंडोज की मिंट?’ असं विचारणारा छोटासा प्रोग्रॅम. आणखी खोदून विचारलं तेव्हा कळलं, की कुठल्याशा जुन्या व्हिडिओत बघून त्यानं यंत्राची सेटिंग ‘यूईएफआय’वरून ‘लेगसी’वर नेली होती. या सुरू होण्याच्या दोन रीती, एक नवी, एक जुनी. आमचं विंडोज नव्या रीतीचं. जुन्या रीतीनं शोधणाऱ्या यंत्राला ते दिसणार कसं?

लॅपटॉप बंद करून पुन्हा चालू करताना एफ-२ दाबलं, सेटिंग परत यूईएफआयवर आणली आणि जपून ठेवली. विंडोज मुकाट उठलं! मिंट अजून दिसत नव्हतं. मग विंडोज पूर्ण बंद केलं. त्यासाठी शिफ्ट दाबून धरून ‘शट डाउन’ म्हणावं लागतं, नाहीतर ते अर्धवट झोपेत राहतं. पुन्हा पेनड्राइव्ह लावला. या वेळी यादीत त्याच्या नावाआधी ‘यूईएफआय’ लिहिलेली ओळ होती, तीच निवडली. मिंटच्या मेनूत ‘बूट रिपेअर’ असतं. घरचं वायफाय जोडून त्यातली ‘रेकमेंडेड रिपेअर’ दाबली आणि तोवर कणीक मळून घेतली. पुन्हा सुरू केल्यावर पडद्यावर दोन्ही नावं एकाखाली एक आली.

दुरुस्तीवाल्याकडे मी परत गेले नाही. हे आता मिंटवर पेपर वाचतात, आणि ‘मारून टाका’ म्हटल्याचं त्यांना काही आठवत नाही म्हणे. ओव्यांच्या आणखी दोन प्रती केल्या. एक कपाटात दागिन्यांच्या डब्यात ठेवली आहे, दुसरी नणंदेकडे धाडली, भाच्याच्याच हातून.