हत्ती झोपणार कुठं?



परवा वर्गात मी म्हटलं, "आपल्या कोल्हापुरात प्राण्यांची बाग करायची आहे असं समजा. काढा नकाशा!" मग काय विचारता! रंकाळ्याकाठी घसरगुंडी आली, वाघाच्या जबड्यातून जाणारी झुकझुक गाडी आली. भेळेच्या गाड्या तर सात! मागच्या बाकावरची एक मुलगी मात्र कागद घेऊन माझ्याकडे आली. "बाई, हत्तीवर बसायचं तिकीट काढलंय सगळ्यांनी, पण हत्ती झोपणार कुठं?"

मला आपली साठमारी आठवली. राजर्षी शाहू महाराजांच्या काळात तिथं मस्तीत आलेल्या हत्तीशी माणसांचा खेळ चाले. आखणी मोठी हुशारीची. बुरुजांना अरुंद वाटा ठेवलेल्या; माणूस आत सटकेल, हत्ती बाहेरच राहील! पण ही सगळी काळजी माणसाच्या जिवाची. हत्तीला काय वाटत असेल, हे तेव्हा कोण विचारणार?

जर्मनीत हॅम्बुर्गला कार्ल हागेनबेक यांनी १९०७ साली गजांऐवजी खंदक असलेली बाग उघडली. आता वाघाची उडी केवढी, हे कळल्याशिवाय खंदक खणायचा कसा? त्यांनी काय केलं, तर पेंढा भरलेलं कबूतर उंचावर टांगलं आणि वाघ-सिंहांच्या उड्या मोजल्या!

पुण्याचं पेशवे पार्क तुमच्या आई-बाबांना विचारा. १९५३ सालची ही बाग. १९५६ पासून तिथं 'फुलराणी' धावू लागली. पुढं जागा अपुरी पडली. १९९९ मध्ये कात्रजला १३० एकरांवर राजीव गांधी प्राणिसंग्रहालय सुरू झालं आणि प्राणी हळूहळू तिकडं गेले. फुलराणी जुन्याच जागी राहिली. मला तर ही वाटणी फार आवडली. खेळ इकडे, प्राणी तिकडे.

आता तर १९९२ साली स्थापन झालेल्या केंद्रीय प्राधिकरणाच्या मान्यतेशिवाय प्राणिसंग्रहालय चालवताच येत नाही. नकाशात जनावरांचा दवाखाना हवा, नव्या पाहुण्याला काही दिवस वेगळं ठेवायची जागा हवी.

हे सांगितल्यावर वर्गात खोडरबरं फिरली. हत्तीवरची सवारी गेली, त्या जागी डुंबायला तळं आलं. पण हत्तीला प्यायलाच दिवसाला शंभर लिटरहून जास्त पाणी लागतं, ते आणायचं कुठून, यावर घंटा होईपर्यंत भांडण चाललं होतं. तुम्हीही नकाशा काढून पाठवा, आणि पाण्याचं तेवढं लिहा हं!

भेळेच्या गाड्या मात्र सातच्या सात तशाच आहेत.