गाडीखाली वाकून बघणारे पोलीस

गेल्या वीकेंडला 'ब्लू लाइट्स'चे पहिले दोन सीझन संपवले. बेलफास्टमधल्या तीन नवशिक्या पोलिसांची बीबीसीची मालिका. सोमवारी ऑफिसात एका मित्राला सांगितलं, तर साहेब म्हणतात, "अतिरंजित आहे रे! १९९८ मध्येच शांतता करार झाला ना? आता कोण पोलीस गाडीत बसायच्या आधी खाली वाकून बॉम्ब शोधतो?"

साफ चूक!

मालिका सुरू झाली मार्च २०२३ च्या शेवटी. त्याच्या जेमतेम महिनाभर आधी ओमा गावात, ड्युटीवर नसलेल्या एका डिटेक्टिव्हवर गोळ्या झाडल्या होत्या. पोरांचा फुटबॉलचा सराव घेऊन निघाला होता बिचारा, स्वतःचा मुलगा बरोबर. वाचला, पण गंभीर जखमी झाला. ह्याला अतिरंजित म्हणायचं का?

मालिकेतली अ‍ॅनी कॅथलिक आहे. पोलिसात आहोत हे तिला आपल्याच माणसांत उघड बोलायची चोरी. जुन्या आरयूसी दलात कॅथलिक जेमतेम ८ टक्के होते. २००१ मध्ये त्याच्या जागी पीएसएनआय आलं आणि पुढची दहा वर्षं भरतीत निम्मे कॅथलिक घ्यायचा नियम होता. तरी अजून दलात ते एक तृतीयांशाच्या आसपासच. लोकसंख्येत मात्र ४५.७ टक्के (२०२१ ची जनगणना). हा फरक का, ते अ‍ॅनीकडे बघून कळतं. भाषण द्यावं लागत नाही.

आता आमच्या धंद्यातली गोष्ट. ऑगस्ट २०२३ मध्ये माहिती अधिकारातल्या एका अर्जाला पीएसएनआयने एक्सेल फाइल पाठवली. तिच्यात एक लपवलेली शीट तशीच राहिली! ९,४८३ अधिकारी-कर्मचाऱ्यांची आडनावं, आद्याक्षरं, हुद्दे, नेमणुकीची ठिकाणं... सगळं काही तास इंटरनेटवर. दुसऱ्या वर्षी साडेसात लाख पौंड दंड झाला. ज्यांनी शेजाऱ्यांपासून नोकरी लपवली होती त्यांनी काय करायचं? दंड भरला म्हणून यादी परत येते का?

मालिकेत खोट नाही असं नाही. पहिल्या सीझनमधला एमआय फाइव्हने पाठीशी घातलेला गुंड मलाही जरा फिल्मी वाटला. पण गाडीखाली बघणं? ते खरंच आहे.

मित्राला हे सगळं मेलवर पाठवलंय. उत्तर आलं, "बघतो." तोवर मी तिसरा सीझन सुरू करतो.