फुटबॉलच्या दुखापती व वर्तमानपत्रांचे कर्तव्य

फुटबॉलपटू मैदानावर जायबंदी झाला म्हणजे दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रांत एकच प्रश्न मोठ्या अक्षरांनी छापलेला आढळतो: हा पुन्हा खेळावयास केव्हा उभा राहणार? गाडीचा बैल लंगडू लागला असता माल पाठविणारा व्यापारी जी विचारपूस करितो, तीच ही होय. चिंता मालाची, बैलाची नव्हे. दुखापत म्हणजे केवळ संघाच्या हिशेबांतील खोट, ही जी समजूत अशा लेखनाने रूढ झाली आहे, ती आमच्या मते खेळास घातक व आमच्या धंद्यास कमीपणा आणणारी आहे.

इंग्लंडांतील 2002 सालच्या दोन गोष्टी शेजारी ठेवून पाहाव्या. त्या एप्रिलांत डेव्हिड बेकहॅम याच्या पायाचे एक बारीक हाड मोडले. जागतिक चषकाची स्पर्धा तोंडावर आलेली. तेव्हा ‘द सन’ पत्राने त्या पायाचे चित्र पहिल्या पानावर छापून, वाचकांनी त्यावर हात ठेवून प्रार्थना करावी, अशी विनंती केली! हाड सांधले व बेकहॅम स्पर्धेंत खेळलाही. त्याच वर्षी जानेवारींत, डोक्याने चेंडू मारण्यांत नावाजलेला जुना खेळाडू जेफ ॲस्टल हा स्मृतिभ्रंशाने जर्जर होऊन 59 व्या वर्षी वारला होता. वारंवार चेंडू डोक्यावर घेतल्याने त्याच्या मेंदूस इजा झाली व हा मृत्यू धंद्यापासून जडलेल्या रोगाचा आहे, असा निर्णय कोरोनरने नोव्हेंबरांत दिला. कायद्याच्या दृष्टीने या शब्दांचे वजन मोठे आहे. कापसाच्या धुळीने ज्याची फुप्फुसे निकामी होतात, त्या गिरणी कामगाराच्या पंक्तीस या निर्णयाने खेळाडू बसविला.

पुढे 2019 सालीं ग्लासगोच्या संशोधकांनी स्कॉटलंडच्या जुन्या धंदेवाईक खेळाडूंची मोजदाद केली, तेव्हा मेंदू झिजविणाऱ्या रोगांनी मरणाचे प्रमाण त्यांच्यांत इतरांच्या सुमारे साडेतीनपट आढळले. एका हाडासाठी जो उत्साह दाखविला गेला, त्याचा चतुर्थांश जरी 2002 पासून या प्रश्नास सतत मिळता, तर ही मोजदाद इतकी लांबती ना, असे आम्हांस वाटते.

आमच्या देशाची स्थिति निराळी नाही. 5 डिसेंबर 2004 रोजी बंगळूर येथे फेडरेशन चषकाच्या अंतिम सामन्यांत गोव्याच्या धेंपो संघाचा ब्राझीली खेळाडू क्रिस्तियानो ज्युनियर दुसरा गोल करितांना मोहन बागानच्या गोलरक्षकावर आदळला व प्राणास मुकला. गोलरक्षकास दोन महिन्यांची बंदी झाली. दोष कोणाचा, हे ठरविणे योग्यच. परंतु बंद पडलेले हृदय सुरू करणारे यंत्र व ते चालविणारा मनुष्य मैदानावर आहे काय, हा प्रश्न त्याहून मोठा. 2021 च्या जूनमध्ये कोपनहेगन येथे क्रिश्चन एरिक्सनचे हृदय थांबले, तेव्हा ही तयारी होती. म्हणून तो वाचला व पुन्हा खेळला.

कोणी म्हणेल, लोकांस जे रुचते तेच आम्ही छापतो. कलालही हेच म्हणतो! इजा कोणत्या अवयवास झाली, कोणी तपासली, कोणाच्या आज्ञेने खेळाडू पुन्हा मैदानांत उतरला व उपचाराची सोय काय होती, हे आधी छापावे. आठवड्यांचा हिशेब मागाहून. पत्रास पैसा वाचक देतो; त्याने हे उत्तर मागितले, तर ते नाकारण्याची आमच्या व्यवसायबंधूंची छाती होणार नाही.