घरचं लग्न, पण कुणाच्या हातचं?

फेब्रुवारीत पुतणीचं लग्न झालं. कार्यालयात नाही, लॉनवर नाही, तर माझ्या माहेरच्या घरी, गंगापूर धरणाच्या पाण्याकाठी. तेव्हापासून जो भेटतो तो म्हणतो, "किती छान! अगदी पूर्वीसारखं!" मी हसून मान डोलावते खरी, पण मनातून ते काही पटत नाही. पूर्वीसारखं नव्हतं, म्हणूनच ते छान झालं. कसं ते सांगते.

आमचं घर चढावर आहे. धरण १९६५ साली पूर्ण झालं, त्यात आजोबांची खालची जमीन गेली आणि अंगणासमोर पाणी आलं. पाहुण्यांना तो 'व्ह्यू' वाटतो. आजी मात्र शेवटपर्यंत तिकडे पाठ करूनच गहू निवडायला बसायची. असो.

त्याच अंगणात १९८८ साली माझं लग्न झालं. मांडव गावातल्या मुलांनी घातला, मुंडावळ्या मावशीनं ओवल्या, पंगतीला काकाच वाढत होते. इतकं सगळं हातानं केलेलं, की आज त्याचं कुणी पॅकेज करून विकेल. (विकतातच! 'होममेड थीम' असा शब्द मी या वर्षीच ऐकला.) पण त्या लग्नातली एक गोष्ट मला फार उशिरा कळली. मोठ्या काकूनं माझ्यावर अक्षता टाकल्याच नाहीत. अंतरपाट दूर झाला तेव्हा ती मागच्या पडवीत चुलीपाशी होती, दीडशे माणसांचा मसालेभात लागू नये म्हणून. आणि नुसतं माझंच नाही, घरातल्या एकाही लग्नात तिनं मंगलाष्टकं संपताना पाहिली नव्हती. तिला कुणी अडवलं नव्हतं. पण बोलावलंही नव्हतं.

म्हणून पुतणी म्हणाली, "लग्न घरीच करायचं," तेव्हा सगळे खूश झाले आणि माझ्या पोटात गोळा आला. मी तिला काकूची गोष्ट सांगितली. पोरगी शहाणी. तिनं दोनच नियम केले. एक, स्वयंपाक आचाऱ्याचा आणि भांडी घासायला पैसे देऊन माणसं. दोन, मुहूर्ताआधी अर्धा तास चुली बंद, आचाऱ्यासकट सगळे मांडवात.

बाकी मात्र सगळं हातचं. महिनाभर दर रविवारी कुणी ना कुणी येऊन राबत होतं. आजीच्या जुन्या लुगड्यांची गोधडी वहिनीनं शिवली, ती रुखवतात मानाने मांडली. पुतणी नेसली ती आईचीच येवल्याची पैठणी, काठाला रफू केलेली. झेंडू शेजारच्या मळ्यातला. माळा भाचे मंडळींनी केल्या, त्यामुळे एकही सारख्या लांबीची नव्हती.

मंगलाष्टक माझ्याकडे होतं. शार्दूलविक्रीडित जमवता जमवता नाकी नऊ आले, आणि तिसऱ्या कडव्यात एक मात्रा जास्त झाली ती झालीच. एका नातेवाइकांनी विचारलं, "हे नवीन फॅड का?" त्यांना म्हटलं, जोतीराव फुल्यांनी सत्यशोधक लग्नासाठी स्वतः रचलेली मंगलाष्टकं १८८७ साली छापली. त्यात वधू-वर एकमेकांशी बोलतात आणि वधू सरळ आपल्या हक्काचं मागते. तेव्हा फॅड असलंच तर बरंच जुनं आहे.

नवऱ्या मुलाच्या मित्रांना पाण्यात दिवे सोडायचे होते. पुतणीनं नाही म्हटलं. "उद्या हेच पाणी नाशकात आपल्याला प्यायचंय." फटाकेही नाहीत, निर्माल्य शेतातल्या खड्ड्यात.

सगळं सुरळीत पार पडलं असं मुळीच नाही. गोरज मुहूर्त होता आणि नेमका तेव्हाच पाण्यावरून वारा सुटला. पताका उडाल्या, अंतरपाट धरणाऱ्या दोघांची तारांबळ. शिवाय अंगण केवढं, माणसं मावणार किती? दीडशेवर थांबावं लागलं. ज्यांना बोलावता आलं नाही त्यांच्या घरी दादा स्वतः जाऊन आला. तरी दोन घरं अजून रुसलेली आहेत. लॉनवर हजार माणसं बोलावता येतात, हा त्याचा मोठा गुण मी नाकारणार नाही. आणि फ्लॅटमध्ये राहणाऱ्यानं अंगण आणायचं कुठून?

माझं म्हणणं एवढंच. लग्न घरी झालं, फुलं हातानं ओवली, म्हणून ते आपोआप आपुलकीचं होत नाही. 'हातचं' म्हटलं की ते हात कुणाचे, हे आधी विचारावं. आणि त्या हातांना अक्षता मिळाल्या का, हेही. पूर्वीच्या लग्नांच्या आठवणी बहुधा मांडवात बसलेल्यांनी सांगितलेल्या असतात, चुलीपाशी असलेल्यांनी नाही.

मोठी काकू आता ८४ वर्षांची आहे. तिला पहिल्या रांगेत खुर्ची दिली होती. "शुभमंगल सावधान" झाल्यावर तिनं अक्षता टाकल्या, त्या वाऱ्यानं परत तिच्याच पदरात आल्या. तिनं त्या गोळा करून पुन्हा टाकल्या. रात्री पान वाढताना मी विचारलं, "काकू, कसं वाटलं लग्न?"

"भात जरा फडफडीत झालाय," ती म्हणाली. मग थोड्या वेळानं, "पण अंतरपाट काढताना पोरीचं तोंड काय दिसत होतं गं! तुझंही असंच दिसलं असेल ना?"

मला उत्तर देता आलं नाही. वाढणं चालू ठेवलं.